माउंटखालची जागा

विषय : बागेतल्या बाकाच्या फोटोला घरच्या घरी माउंट कापून तो दिवाणखान्यात लावण्याबाबत.
संदर्भ : फ्रेमवाल्याशी झालेली तोंडी चर्चा, जिला शेजारपाजारचे लोक भांडण म्हणतात.

१

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, या प्रकरणात कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

नोकरीत असते तर टाचणीसाहेबांनी सुरुवात अशीच केली असती आणि पुढचं सगळं परिशिष्टात ढकललं असतं. पण निवृत्त माणसाला परिशिष्ट नसतं. त्याला जेवणाचं टेबल असतं आणि बायको असते.

टाचणीसाहेब हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कचेरीत हेडक्लार्क असताना कुठलाही कागद दुसऱ्या कुठल्यातरी कागदाला टोचल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे, म्हणून हाताखालच्यांनी पाठीमागे ठेवलेलं. निरोपाच्या समारंभात वरिष्ठांनी भाषणात चुकून तेच घेतलं, हशा झाला आणि नाव अधिकृत झालं.

फोटो लेकीने काढलेला. ती दुसऱ्या गावी असते, जुना फिल्मचा कॅमेरा बाळगते आणि न्हाणीघर अंधारं करून स्वतःच प्रिंट काढते. तिच्या आईचा धड फोटो घरात एकही नव्हता. कॅमेरा दिसला की ही बाई तोंडावर हात धरायची, नाहीतर गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून पळायची. लग्नातल्या फोटोतसुद्धा तिचा अर्धा चेहरा कुणाच्यातरी खांद्यामागे. गेल्या हिवाळ्यात लेकीने तिला बागेत गाठलं, आणि जमलं. लांब लाकडी बाक, त्याच्या उजव्या टोकाच्या लोखंडी हाताला टेकून ती बसलेली, अंगावर झालरीची राखाडी शाल. डावीकडे बाक सगळा मोकळा. ती कॅमेऱ्याकडे न बघता जराशी डावीकडे बघत होती आणि नको नको म्हणताना हसू फुटावं तशी हसत होती. फोटोच्या अगदी उजव्या कडेला बागेची कचरापेटी आली होती, झाकण सताड उघडं.

“पेटी तेवढी झाका,” बायको म्हणाली. “आल्यागेल्याला आधी तीच दिसेल, मग मी.”

फ्रेमवाल्याने लाकडी चौकट दिली, पण माउंटसाठी उद्या या, परवा या सुरू केलं. टाचणीसाहेबांनी हयातभर लोकांना उद्या या म्हटलेलं असल्यामुळे त्यांना तो शब्द स्वतःच्या बाबतीत सहन होत नसे. शब्दाने शब्द वाढला. “एवढी घाई असेल तर घरीच कापा की,” फ्रेमवाला म्हणाला. “कापतो,” टाचणीसाहेब म्हणाले, आणि येताना जाड पुठ्ठा, पोलादी पट्टी आणि तिरकं पातं बसवलेली सुरी घेऊनच आले.

माउंट म्हणजे काचेला फोटो चिकटू नये म्हणून दोहोंच्या मध्ये घालायचा पुठ्ठा. त्याला खिडकी कापायची. काठ सरळ नाही, तिरका कापायचा, म्हणजे पुठ्ठ्याचा पांढरा गाभा खिडकीभोवती रेघेसारखा दिसतो. खिडकी फोटोपेक्षा लहान ठेवायची, म्हणजे फोटोच्या कडा पुठ्ठ्याखाली दबून राहतात. आणि कापायचं मागच्या बाजूने. पुढून कापलं तर पट्टीचे आणि पेन्सिलीचे डाग राहतात.

टाचणीसाहेबांनी सगळं शास्त्रशुद्ध केलं. मागून रेघा मारल्या. कचरापेटी झाकायची म्हणून उजवीकडचा पट्टा चांगला चार बोटं रुंद धरला. पातं पुठ्ठ्यात शिरताना दातांतून श्वास ओढल्यासारखा आवाज आला. चार काप झाले, मधला तुकडा टेबलावर पडला, त्यांनी पुठ्ठा उलटा केला, आणि मागून जे उजवं ते पुढून डावं असतं हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

“पेटी राहिली आणि बाक गेला,” बायको चष्मा लावून म्हणाली. “कचेरीत पण असंच करायचात?”

“हल्ली असंच कापतात. एका बाजूला रुंद.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

चूक झाली तर ती धोरण म्हणून जाहीर करावी, हा सरकारी कामकाजाचा पहिला नियम. फोटो सोफ्यासमोरच्या भिंतीवर लागला. बाकाचं डावं टोक पुठ्ठ्याखाली गेलं आणि कचरापेटी दिमाखात राहिली.

२

सकाळचा चहा झाला की टाचणीसाहेब कप हातात धरून फोटोसमोर उभे राहत. चौकट तिरकी झाली नाही ना ते बघायचं, बोटाने कोपरा उगाच हलवायचा, पुन्हा होता तिथे आणायचा. पेन्शनर माणसाचं हे हजेरीपुस्तक.

अशाच एका सकाळी त्यांना खिडकीच्या डाव्या काठाशी, बाकाच्या फळीवर, नखाएवढं काहीतरी गडद दिसलं. त्यांनी रुमालाने काच पुसली. गेलं नाही. म्हणजे आतून. पेन्सिलीचं शिसं पडलं असेल. त्यांनी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, माउंट उचलला. फोटोवर काही नव्हतं. बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, मोकळा, फळ्यांच्या रेघा दिसणारा. त्यांनी फुंकर मारली, फोटोच्या कडेला वरून दोन चिकटपट्ट्या लावून तो माउंटला घट्ट केला आणि पुन्हा सगळं बसवलं.

होतं तिथेच होतं.

सावली, त्यांनी निर्णय दिला. तिरक्या काठाची सावली पडते, उजेड पूर्वेकडच्या खिडकीतून येतो, प्रकरण निकाली. पण निकाली काढलेल्या प्रकरणात खोट शोधायची त्यांना हयातभराची खोड. त्यांनी चौकट उचलून स्वयंपाकघरात नेली, तिथे उजेड पश्चिमेकडचा. गडद जागा तशीच. मग त्यांनी चौकट उलटी धरली, फोटोतली बायको डोकं खाली करून हसत राहिली, आणि ते नाक काचेला लावून बघू लागले.

ते कापड होतं. गडद रंगाचं, बाकाच्या फळीवरून खाली वळलेलं, आणि त्याला इस्त्रीची घडी होती. सावलीला कोणी इस्त्री करत नाही, एवढं टाचणीसाहेबांना कळत होतं.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. माउंटखाली कचरा आलाय.”

“येतच असेल,” ती म्हणाली. “पेटी उघडीच आहे ना.”

३

शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? पुठ्ठ्याचा तो रुंद पट्टा कापून काढेल, बाक पूर्ण उघडा करेल आणि काय असेल ते समोर येऊ देईल. पण टाचणीसाहेब हेडक्लार्क होते. नको ते दिसलं की त्यावर पांघरूण घालायचं, ही त्यांची शहाणपणाची व्याख्या, आणि तिच्या जोरावर ते बढत्या घेत गेले होते.

त्यांनी दुसरा पुठ्ठा आणला आणि खिडकी डावीकडून आणखी दोन बोटं आत घेतली. या वेळी मागची आणि पुढची बाजू चुकली नाही. हात बसला होता. माउंट लागला, कापड झाकलं गेलं. फोटोत आता बायको, तिच्या डावीकडे वीतभर बाक आणि कचरापेटी. काही दिवस त्यांना रोजच्यापेक्षा बरी झोप लागली.

त्याच सुमारास त्यांच्या लक्षात आलं की बायको सोफ्यावर कडेला बसते.

तिघांचा सोफा. इतकी वर्षं ती मधोमध ऐसपैस बसून भाजी निवडायची, आणि त्यांनी पेपर घेऊन बाजूच्या खुर्चीत बसायचं, अशी वहिवाट. आता ती उजव्या हाताला चिकटून बसू लागली होती, पाय अंगाशी घेऊन.

“अशी का अवघडून बसलीस? पडशील.”

“मग बसायला जागा नको का?” ती म्हणाली. भाजीतून मान वर न करता, ज्या आवाजात आज दूध कमी आलंय म्हणतात त्या आवाजात.

“कोणाला?”

“काय कोणाला?”

“जागा.”

तिने सोफ्याच्या मोकळ्या भागाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “तुम्ही पेपर वाचा,” ती म्हणाली, आणि परात घेऊन आत गेली.

सोफा जुना, उठताना करकरायचा. ती उठली तेव्हा करकरला. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली, तेव्हा तो पुन्हा एकदा करकरला.

स्प्रिंग उशिरा सरळ होते, टाचणीसाहेबांनी स्वतःला सांगितलं. लोखंडाची गोष्ट आहे, थंड हवेत असं होतं. हवा थंड नव्हती, हे त्यांनी टिपणीत घेतलं नाही.

४

दुसऱ्या माउंटच्या काठाशी गुडघा आला.

आता शंकेला जागा नव्हती. गडद पँटचा गुडघा, आणि गुडघ्यावर ठेवलेला हात. पुरुषाचा, नखं स्वच्छ कापलेली. मनगटापुढे काही नाही, तिथे पांढरा तिरका काठ आणि मग पुठ्ठा. एखाद्या कचेरीत बाकावर बसून आपलं नाव पुकारायची वाट बघणाऱ्या माणसाचा हात असतो तसा. निवांत. टाचणीसाहेबांनी असे हात हजारो पाहिले होते, काउंटरच्या या बाजूने.

त्यांनी माउंट उचलला. बाक रिकामा. माउंट ठेवला. हात. उचलला, ठेवला. शेवटी चिकटपट्टी सुटायला आली म्हणून थांबले.

मग त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, एवढ्या सकाळी? आई बरी आहे ना?”

“आई ठणठणीत. मला सांग, तो बाकाचा फोटो काढलास तेव्हा बाकावर आणखी कोण होतं?”

“कोणी नव्हतं. का हो?”

“आजूबाजूला?”

“नव्हतं म्हटलं ना. ऊन उतरलं होतं, मी होते आणि आई होती.”

“मग ती हसतेय कुणाकडे?”

लेक हसली. “मी पण तोच विचार केला होता. मी इकडून ‘आई, इकडे बघ’ म्हणून घसा फोडतेय आणि ही भलतीकडेच बघतेय. मला वाटलं, तुमचं काहीतरी आठवलं असेल.”

“माझं?”

“अहो, म्हणजे... तुम्ही शेजारी बसलात असं तिला वाटलं असेल. कधीतरी बसावं माणसाने, बाबा. ती रोज संध्याकाळी एकटी जाते बागेत. तुम्ही एकदा तरी गेलात?”

“मला गुडघ्याचा त्रास आहे,” टाचणीसाहेब म्हणाले, आणि गुडघा हा शब्द उच्चारल्यावर त्यांना उगीचच भिंतीकडे बघावंसं वाटलं.

त्या दिवशी त्यांनी तिसरा माउंट कापला. खिडकी डावीकडून इतकी आत आणली की काठ बायकोच्या कोपराला भिडला. आता बाजूला कोणाला बसायला बाक उरलाच नव्हता. पातं ओढताना कोपऱ्यात काप रेघेपलीकडे गेला. एरवी त्यांनी तो पुठ्ठा फेकून दिला असता. त्या दिवशी त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

५

दुपारची झोप हा त्यांचा निवृत्तीतला एकमेव भत्ता. आतल्या खोलीत ते आडवे व्हायचे आणि दिवाणखान्यातून बायकोच्या कामाचे आवाज ऐकत ऐकत डोळा लागायचा. सुपाची सळसळ, कपड्याच्या घड्या झटकल्याचा आवाज.

आता त्यांत तिचं बोलणं मिसळलं होतं.

आधी त्यांना फोनवर बोलत असेल असं वाटलं. पण फोन त्यांच्या उशाशी होता. ती हळू बोलायची, मध्येच थांबायची, समोरच्याने एक वाक्य पुरं करावं एवढंच थांबायची, आणि मग “हो ना” म्हणायची. एकदा ती हसली. लाजून, नको नको म्हणत हसली. इतक्या वर्षांच्या संसारात टाचणीसाहेबांनी ते हसू घरात ऐकलं नव्हतं. त्यांनी ते फक्त भिंतीवर पाहिलं होतं.

ते उठून दारात आले. ती सोफ्याच्या कडेला एकटी, मांडीवर शाल, झालरीची गाठ सोडवत बसलेली.

“कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी म्हणजे? तुमच्याशीच.”

“मी आत झोपलो होतो.”

तिचे हात थांबले. तिने सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी भीती दिसली. ती भीती सोफ्याकडे बघताना आली नव्हती. त्यांच्याकडे बघताना आली होती.

“मग तुम्ही केव्हा उठलात?” तिने विचारलं.

“हे बघ, आज संध्याकाळी मी येतो तुझ्याबरोबर बागेत.”

“तुम्ही?”

“का? येऊ नये असा कुठे नियम आहे?”

“नियम कसला,” ती पुन्हा झालरीकडे वळली. “पण बाकावर जागा कुठेय आता? आधी यायचं होतंत.”

त्यांना राग आला. राग आल्यावर माणूस बरोबर जातो की घरी बसतो, हे स्वभावावर असतं. टाचणीसाहेब घरी बसले. नंतरचे दोन-तीन दिवसही त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर ती पुन्हा काय म्हणेल, याची धास्ती होती, आणि धास्तीला त्यांनी स्वाभिमान असं नाव दिलं.

६

कचरापेटीने सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

बायको बागेत गेलेली. बाहेर संध्याकाळचं ऊन. टाचणीसाहेब सवयीने फोटोसमोर उभे राहिले. तिसऱ्या माउंटच्या काठाशी हात नव्हता, गुडघा नव्हता, काही नव्हतं. ते खूश व्हायला तयार होत होते, तेवढ्यात त्यांची नजर उजवीकडे कचरापेटीवर गेली. बाकाचा लोखंडी हात मोकळा दिसत होता. त्याची नक्षी वरपासून खालपर्यंत दिसत होती.

पण बायको त्या हाताला टेकून बसली होती. पहिल्या दिवसापासून. ती नक्षी तिच्या शालीमागे होती.

त्यांनी पट्टी आणली. मोजायची गरज नव्हती, तरी आणली, हातात काही असलं की बरं वाटतं. पेटी होती तिथेच. बाकाचा हात होता तिथेच. सरकली होती ती. तिचा डावा खांदा काठाच्या आत गेला होता. चेहरा अजून खिडकीत होता, पण हसू आता पूर्ण डावीकडे वळलेलं, गाल काठाला जवळजवळ टेकलेला. बाहेरून कोणी तिच्याकडे आलं नव्हतं. तीच आत चालली होती.

तेव्हा कुठे टाचणीसाहेबांना ती साधी गोष्ट उमगली, जी कुठल्याही कनिष्ठ लिपिकाला आधी उमगली असती. फोटो उघडा असला की तिथे कोणी नसतं. जे काही आहे ते झाकलेल्या जागेत आहे. त्याला बाकावर जागा नव्हती. आधी पुठ्ठ्याखाली चार बोटं मिळाली. मग सहा. मग अर्ध्याहून जास्त बाक. प्रत्येक वेळी मागून रेघा मारून, पोलादी पट्टी लावून, स्वच्छ काप घेऊन ती जागा त्यांनीच दिली होती.

मग पुठ्ठाच नको. आधी दर वेळी माउंट उचलला की बाक होता तसा व्हायचा. तो गडद माणूस नाहीसा व्हायचा. आताही होईल, आणि ती पुन्हा लोखंडी हाताला टेकलेली दिसेल. तर्कात खोट नव्हती. त्यांनी दोनदा तपासला. एक बारीकसा आक्षेप मनात आला: उचलल्यावर जे नाहीसं होतं, ते झाकलेलं असतं, आणि तिचा खांदा आता झाकलेल्यात मोडतो. पण असे आक्षेप घेत बसलं तर कुठलंच काम होत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच टाचणीसाहेबांना वाटलं.

त्यांनी चौकट टेबलावर उताणी ठेवली, खिळे काढले, आणि माउंट उचलला.

बाक रिकामा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. फळ्यांच्या रेघा, लोखंडी नक्षी, उघडी कचरापेटी. उन्हाचा एक तुकडा.

मग त्यांनी दोन्ही हातांनी माउंट पुन्हा जागेवर ठेवला. खिडकीतही बाक रिकामाच. पण डाव्या काठापाशी, पांढऱ्या तिरक्या रेघेखालून, राखाडी झालर बाहेर राहिली होती. दाराबाहेर पडलेल्या माणसाची शाल दारात अडकावी तशी. ते बघत असताना ती हलकेच आत ओढली गेली. सगळी नाही. चारपाच धागे राहिले.

दिवाणखान्यात सोफा दोनदा करकरला.

७

गुडघ्यांचा त्रास विसरून टाचणीसाहेब बागेत धावत गेले. कुठला बाक ते त्यांना शोधावं लागलं नाही, फोटोमुळे पाठ होता. बाक मोकळा होता. माळी जवळच रबरी नळीने झाडांना पाणी घालत होता.

“इथे एक बाई बसतात. राखाडी शाल. रोज येतात.”

“काकू ना? आत्ताच गेल्या की,” माळी म्हणाला. “साहेबांबरोबर.”

“कुठल्या साहेबांबरोबर?”

“त्यांचे मिस्टर हो. हल्ली दोघं येतात ना. आधी एकट्याच यायच्या बिचाऱ्या.” त्याने पाणी दुसऱ्या आळ्यात सोडलं. “बरं वाटतं बघायला. या वयात जोडीने. तुम्ही कोण?”

“मी त्यांचा नवरा.”

माळ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा चेहऱ्याकडे. त्याच्या हातातली नळी खाली गेली आणि पाणी त्याच्याच पायांवर पडू लागलं, तरी तो हलला नाही.

“तसे दिसता खरे,” तो शेवटी म्हणाला. मग नळ बंद करायला म्हणून गेला तो परत आला नाही.

८

रात्रीपर्यंत ती आली नाही. दुसऱ्या दिवशी लेक आली. तिने शेजाऱ्यांकडे विचारलं, दवाखाने पालथे घातले, नातेवाइकांना फोन केले, आणि मग बापाला हाताला धरून हरवलेल्या माणसांची नोंद घेणाऱ्या कार्यालयात नेलं. अर्जासोबत अलीकडचा फोटो हवा होता. अलीकडचा एकच होता.

“निगेटिव्ह आहे ना तुझ्याकडे?” टाचणीसाहेबांनी विचारलं.

निगेटिव्ह तिने येतानाच आणली होती. ती खिडकीशी गेली, फिल्मची पट्टी उजेडाकडे धरली, मग उलटी करून पुन्हा धरली.

“बाबा,” ती म्हणाली, “बाक दिसतोय.”

तेव्हा अर्जाला तोच प्रिंट जोडला. माउंटसकट. लेक काढत होती, टाचणीसाहेबांनी तिचा हात धरला. काउंटरवरच्या कारकुनाने फोटो लांब धरला, जवळ धरला.

“आजोबा, यात बाई कुठेयत?”

“काठाशी बघा. झालर आहे.”

“मग हा पुठ्ठा काढा की. पूर्ण दिसतील.”

“काढल्यावर दिसत नाहीत.”

कारकुनाने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर टाचणीसाहेबांच्या ओळखीची होती. ती त्यांनी स्वतः वापरून गुळगुळीत केलेली होती. अर्जावर शिक्का पडला आणि अर्ज आत गेला.

पुढे कार्यालयाकडून विचारणा आली. सोबतच्या छायाचित्रात एकाहून अधिक व्यक्ती दिसत असून अर्ज त्यांपैकी कोणाबाबत आहे याचा खुलासा करावा. टाचणीसाहेब धावत गेले. कारकुनाने फाइल उघडली. डाव्या काठाशी आता झालर होती, झालरीवर तिचा हात होता आणि तिच्या हातावर दुसरा, नखं स्वच्छ कापलेली. सहीसाठी लेखणी धरून धरून मधल्या बोटाला पडतो तसा घट्टा त्या बोटाला होता. टाचणीसाहेबांनी स्वतःचा उजवा हात खिशात घातला.

“चेहरे स्पष्ट नाहीत,” कारकून म्हणाला. “वरून शेरा आलाय. माउंट काढून फोटो फाइलला लावायचा आणि मग निर्णय. नियमच आहे तसा.”

नियम बरोबर होता. टाचणीसाहेब त्या खुर्चीत असते तर त्यांनीही तोच शेरा मारला असता. फोटो परत मागावा, तर अर्जाचा निर्णय झाल्याखेरीज सोबतची कागदपत्रं परत मिळत नाहीत. निर्णय व्हावा, तर माउंट उचलला जाणार.

तेव्हापासून ते त्या कार्यालयात नेमाने जातात. कधी खुलासा देतात, कधी खुलाशाला पुरवणी. सही करायची राहून जाते, पत्ता अपुरा पडतो, पूर्वीच्या पत्राचा संदर्भ चुकतो, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. हे काम त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. जाण्यापूर्वी ते एकदा फाइल उघडून दाखवा म्हणतात, माउंट जागेवर आहे ना ते बघतात, काठाशी बघतात, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात. कडेला, बाजूला जागा सोडून.

माउंट अद्याप काढलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.